पावसाकडची भिंत

पुणतांबा,
शनिवार

प्रिय स्नेहल,

तू मोबाईलवर पाठवलेला जबाब मी तीन वेळा वाचला. वकिलांनी नीट लिहून दिलाय. भिंतीतल्या वायरची परवेझला पूर्ण कल्पना दिलेली होती, तरी त्याने निष्काळजीपणे पत्रे ठोकले, असं त्यात आहे. गुरुवारी पोलीस ठाण्यात मी तेवढंच सांगायचं आणि सही करायची, मग तो सुटत नाही, असं तू खाली लिहिलंस. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते पाठवायला नको होतं. त्याच रात्रीपासून तुला लिहायचं मनात आहे, पण दोन ओळींपुढे जमत नव्हतं. आज अमृत मळ्यात गेलेत आणि ईश्वरी शाळेत आहे, म्हणून बसले आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही, ग्रामपंचायतीत दिवसभर दाखले टाइप करते तेवढंच माझं लिहिणं. मागेपुढे झालं तर समजून घे.

घरचं सांगायचं तर पावसाकडची भिंत आता उघडीच आहे. पंचनाम्याच्या वेळी काढलेले पत्रे पोलिसांनी नेले, थर्माकोलचे तुकडे अजून परसात पडलेत. कोणी उचलत नाही. दसरा होऊन गेला तरी दुपारी आभाळ येतं आणि भिंतीवर सडा पडतो. ऊन पडलं की ती वरून वाळते, खालचा हातभर भाग मात्र काळाच राहतो आणि त्याच्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुलतो. मागच्या खोलीत कोणी झोपत नाही. ईश्वरी पुढच्या खोलीत माझ्याजवळ असते. तिचा दम पुन्हा सुरू झालाय. दिवाळी करायची नाही हे ठरलंच आहे, तिला फक्त एक फ्रॉक घेतला.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. आपण दोघी त्याच मागच्या खोलीत झोपायचो. तेव्हा तूच मला सांगितलं होतंस की या भिंतीला दर वर्षी कपडे घालतात. मला वाटलं तू माझी चेष्टा करतेस. मग मिरगाच्या आधी आईंनी उसाच्या पाचटाच्या पेंढ्या काढल्या, खालून वर एकावर एक बांधत नेल्या, आणि आपण दोघी शिडी धरून उभ्या होतो. माझी गाठ सुटली आणि पेंढी तुझ्या डोक्यावर पडली. आई वरून म्हणाल्या, “सून आनलीया का वादळ आनलंय? गाठ मारती का राखी बांदती?” तू इतकी हसलीस की शिडी हलायला लागली. दसऱ्याला ते सगळं पाचट उतरवून खड्ड्यात टाकायचं, भिंतीला पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि उन्हाळाभर तिला तशीच उघडी ठेवायची. अकरा वर्षांतली सात वर्षं मी ते केलं.

पुढे पाचट मिळेनासं झालं. हार्वेस्टर ऊस तोडतं आणि पाल्याचा भुगा करून रानातच टाकतं, पेंढी बांधायला लांब पाला राहतो कुठे? तीन पावसाळे आपण प्लास्टिकचा कागद लावला, तो वाऱ्याने फाटला. शिवाय कालव्याचं पाणी वाढल्यापासून जमिनीतूनच ओल चढते. दीड हात जाडीची भिंत, दगडाच्या पायावर माती. ती पाणी पिते आणि महिनोन्‌महिने सोडत नाही. मागच्या खोलीत गादीला बुरशी यायची. ईश्वरीला रात्रभर घरघर व्हायची. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खोली कोरडी करा. माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. मीच मोबाईलवर बघून ठरवलं की बाहेरून लाकडी रिपा ठोकायच्या, मध्ये थर्माकोल भरायचा, वर रंगीत पत्रा. पाऊस भिंतीला लागणारच नाही आणि ऊनही लागणार नाही.

आईंना ते पसंत नव्हतं हे तुला माहीत आहे. त्या म्हणायच्या, “भितीला कोंडू नगंस. भित घामंजती. चार म्हयनं झाकायची, आठ म्हयनं मोकळी सोडायची, तवा ती जगती.” मी म्हणाले, आई, ती भिंत आहे, म्हैस नाही. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अमृत म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा आणि मला सांगा. ते नेहमी असंच म्हणतात.

मे महिन्यात तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि आई आठ दिवस नगरजवळ केडगावला तुझ्याकडे राहिल्या. त्या आठ दिवसांतच मी परवेझला त्याच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमधून बोलावलं. अमृत तेव्हा कारखान्याच्या कामाला बाहेर होते. आई परत येतील तेव्हा पत्रे लागलेले असले म्हणजे वाद संपला, असा माझा हिशोब. तुला वाटत असेल की अमृतनी ठरवलं आणि परवेझने घाईत उरकलं. तसं नाही. घाई माझी होती. परवेझ आईंबद्दल म्हणाला होता, “वहिनी, चार दिस थांबा, छबूमावशीला येऊ द्या.” मी म्हणाले, चार दिवसांनी पाऊस आला तर थर्माकोल भिजेल.

आई परत आल्या तेव्हा मी चहा ठेवायला आत पळाले. त्या परसात बराच वेळ उभ्या होत्या. मग आत येऊन एवढंच म्हणाल्या, “निळा कशाला घेतला? दवाखान्यासारखं दिसतंय.” मला हसू आलं आणि सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी त्यांनी मुबारकबींना बोलावून भिंत दाखवली. परवेझची आई म्हणून त्याही तोऱ्यात होत्या. आई म्हणाल्या, “तुज्या लेकानं माज्या भितीला चड्डी घातली गं.” मुबारकबी म्हणाल्या, “तुजी भित लई उघडी फिरायची, म्हनून घातली.” दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या.

आता जे लिहिते ते लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. खोली कोरडी झाली. जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाले तरी गादी कोरडी होती. ईश्वरी सलग झोपायला लागली. पंधरा दिवस मी रात्री उठून तिच्या छातीला कान लावत होते, तेव्हा घरघर नव्हती. आईंनी ते पाहिलं होतं. एकदा त्या म्हणाल्या, “जाऊ दे, पोरीला बरं वाटतंय नं, मग पत्रा तर पत्रा.” हे मला त्यांच्याकडून ऐकायचं होतंच. म्हणून त्यानंतर त्या पत्र्याबद्दल काही वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती.

जूनच्या शेवटी त्या मला म्हणाल्या, पत्र्याला हात लावला की हातात मुंग्या येत्यात. आदल्या दिवशीच त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. शुगर दोनशे ऐंशी. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, आई, शुगर वाढली की हातापायाला मुंग्या येतातच, काल लापशी कोणी खाल्ली? त्या म्हणाल्या, “व्हय बाई, आपल्या कारखान्यात नसंल तेवढी साखर माज्या अंगात हाय.” आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात मी त्यांना श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं की हाताला मुंग्या येतात. पत्र्याचं नाव मी काढलं नाही, कारण माझ्या लेखी त्याचा संबंधच नव्हता. त्यांनी गोळी वाढवली. मग चार दिवस ऊन पडलं, परसातली जमीन वाळली, मुंग्या थांबल्या, आणि मी आईंना म्हणाले, बघा, गोळी लागू पडली.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मुबारकबी होत्या. दोघी कपडे धुवायच्या दगडाजवळ बसल्या होत्या, पाय ओल्यात. मुबारकबींनी उठताना पत्र्याचा आधार घेतला आणि हात झटकला. “या अल्ला, मला बी आल्या.” त्यांनाही शुगर आहे. आई म्हणाल्या, घे, तुजी बी वाढली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते आणि ओरडले, दोघींचा गोड चहा आजपासून बंद. स्नेहल, दोन बायका एकाच जागी हात लावून एकच गोष्ट सांगत होत्या. मी शिकलेली आहे. मी त्यांना चहाचं सांगितलं. मी स्वतः परसात कायम रबरी चप्पल घालून असायचे, त्यामुळे मला कधी काही जाणवलं नाही. आईंनी परसात चप्पल घातलेली मी कधी पाहिली नाही.

तिसऱ्यांदा नागपंचमीच्या नंतर. त्या म्हणाल्या, “आज जास्तीच झनझनलं गं, पार कोपरापतूर.” मी दाखल्यांची यादी मोबाईलवर पाठवत होते. मी मान वर न करता विचारलं, गोळी घेतली का. घेतली म्हणाल्या. एवढंच. त्यानंतर पाचव्या दिवशी ते झालं.

त्या सकाळचं तुला सगळ्यांनी सांगितलंय, पण मी सांगितलेलं नाही. दोन दिवस झड लागली होती. सातच्या सुमारास उघडलं म्हणून आई ईश्वरीचा गणवेश धुवायला बसल्या. मी पोळ्या करत होते. धोपटण्याचा आवाज थांबला तो मला कळला, पण वाटलं पिळत असतील. बाहेर आले तेव्हा त्या पत्र्याला टेकून बसल्यासारख्या होत्या, हात वर, पत्र्याच्या कडेला. मला वाटलं चक्कर आली, शुगर उतरली. मी साखर आणायला आत वळले. बघ, तेव्हाही मी साखरच आणायला निघाले. शेजारचे कारभारी काका कुंपणावरून ओरडले, “हात लावू नगं! करंट हाय!” आणि त्यांनीच पुढे धावत जाऊन मीटरखालचा फ्यूज ओढला. मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी होते.

पंचनाम्याला वायरमनने पत्रे उतरवले. वरून चौथा स्क्रू वायरच्या बरोबर मधून गेलेला. कोरडं असेपर्यंत काही नाही, ओल चढली की स्क्रूतून पत्र्यात करंट. मामंजींनी ती वायर कधीकाळी गिलाव्याखालून तिरपी नेली होती, मीटरपासून थेट खोलीच्या कोपऱ्यापर्यंत, वायर वाचावी म्हणून. थर्माकोलच्या मागे भिंतीवर खडूची रेघ होती, सरळ वर आणि मग आडवी. फौजदार साहेबांनी परवेझला विचारलं, ही रेघ काय? तो म्हणाला, “वायर हितून गेलीय असं सांगितलं, म्हनून खूण केली. वहिनींनी मावशीला फोन करून इचारलं होतं.” तेव्हा तू पुढे झालीस. आई आठही दिवस तुझ्याजवळ होत्या, त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, आणि तुझ्या मोबाईलवर असा कोणताही फोन आला नव्हता, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस आणि मोबाईल साहेबांच्या हातात दिलास. मग परवेझकडे वळून म्हणालीस, “माझी आई मारलीस आणि आता वहिनीचं नाव घेतोस? लाज नाही वाटत?” तो माझ्याकडे बघत राहिला. मी पदर तोंडाला लावून बसले होते. साहेब म्हणाले, बाईंना त्रास देऊ नका, त्यांचं नंतर घेऊ.

परवेझला पंधरा दिवस आत ठेवलं होतं. आता जामिनावर आहे, पण वर्कशॉप बंद. कोणी त्याला साधा गेट जोडायला बोलावत नाही. काही लोक त्याचं नाव त्याच्या जातीवरून घ्यायला लागलेत, आणि ते बोलताना माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. दहाव्याला मुबारकबी आल्या होत्या. दारातून आत न येता उभ्या होत्या, हातात आईंची वाटी होती, कधी काही घालून दिलेली. तू त्यांना जायला सांगितलंस. मी तुझ्या मागेच उभी होते. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि गेल्या.

आता फोनचं. परवेझने मशीन काढून ठेवलं होतं आणि म्हणाला, वायर कुठून गेली ते कळल्याशिवाय मी भोक पाडत नाही, मावशीला फोन लावून विचारा. मी मोबाईल घेऊन घराच्या पुढच्या बाजूला गेले. तुझं नाव काढलं. मग विचार आला की आईंना कळलं तर त्या लगेच म्हणतील थांबव, आणि तुझ्या बिछान्याजवळून उठून पहिल्या गाडीने येतील. मी फोन लावलाच नाही. दोन मिनिटं तशीच उभी राहिले, मोबाईल कानाला लावून, कारण तो बघत असेल असं वाटलं. मग मागे जाऊन म्हणाले, आई म्हणतात सरळ वर गेलीय आणि मग आडवी. मला वाटलं, सगळ्यांच्या घरात असतेच तशी. त्याने खडू माझ्याच हातात दिला. ती रेघ मी मारली आहे. तो रेघेपासून वीतभर लांब राहून काम करत होता, इतका जपून की मी त्याला म्हणाले, जरा हात चालव.

काल रात्री हे सगळं मी अमृतना सांगितलं. ते उठले आणि दार लावून आले. मग म्हणाले, आता बोलून आई परत येणार हाय का? मी म्हणाले नाही. मग म्हणाले, ईश्वरीला पुढे लोक काय म्हणतील याचा विचार कर. तो मी दोन महिने करतेच आहे. सकाळी ते डबा न घेता मळ्यात गेले. जाताना दाराशी थांबून म्हणाले, गुरुवारी मला गाडीवर सोडायला सांगू नगंस. मी एसटीने जाईन. पुढे माझ्यावर काय होईल ते मला माहीत नाही, वकिलांना विचारलेलंही नाही. ईश्वरीला काही दिवस तुझ्याकडे ठेवावं लागलं तर ठेवशील का, हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी विचारते. तिची औषधं मी चिठ्ठीसह पिशवीत भरून ठेवली आहेत.

हे पत्र सोमवारी कानिफनाथ भाऊजी नगरला येतील तेव्हा त्यांच्या हाती देते, म्हणजे गुरुवारच्या आत तुला मिळेल. ठाण्यात सांगणारच होते तर तुला आधी का लिहिलं, असं तुला वाटेल. गुरुवारी तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहेस. मी बोलायला लागले आणि तुला तिथेच पहिल्यांदा कळलं, तर तू साहेबांना म्हणशील की वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, आई गेल्यापासून ती असंच काहीही बोलते, आणि माझा हात धरून मला बाहेर नेशील. तू खरंच तसं करशील, आणि मी येईन तुझ्याबरोबर. मी स्वतःला ओळखते. म्हणून आधीच सांगते आहे. गुरुवारी ये, पण माझी बाजू घेऊ नकोस.

तुझीच,
निकिता वहिनी